बद्धकोष्ठ : वेग, वेगधारण आणि विज्ञान

ज्या विषयावर आज मी बोलणार आहें, तो चारचौघांत काढावयाचा नव्हे असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु असें एखादें घर दाखवा, कीं जेथें सकाळीं "पोट साफ झालें का?" हा प्रश्न विचारला जात नाहीं. आजोबा नातवाला विचारतात, सासूबाई सुनेला विचारतात, आणि वैद्य तर नाडी धरण्यापूर्वींच विचारतात. जी गोष्ट घरोघर रोज विचारली जाते, तिच्याविषयीं माणसाला खरें ज्ञान केव्हां व कसें झालें, हें समजून घेण्यांत संकोच कसला?

माझ्या लहानपणीं कोल्हापुरांत आमच्या घरीं महिन्यांतून एका रविवारीं एरंडेलाचा कार्यक्रम होत असे. चहांत मिसळलेलें तें तेल नाक दाबून घशाखालीं उतरवावयाचें, आणि मग दिवसभर मऊ भात व वरणाचें पाणी. आम्हां भावंडांपैकीं कोणाचेंहि पोट बिघडलेलें नसे. पण आजीचें म्हणणें असें, कीं आंत सांचलेलें विष बाहेर पडलेंच पाहिजे. हें विष कोठून आलें, आणि तें खरोखर होतें काय, ह्याचा शोध मी शाळेंतून निवृत्त झाल्यावर घेऊं लागलों. त्या शोधांत मला आजीची भीति तर सांपडलीच, पण स्वतःची एक चूकहि सांपडली. ती मी योग्य ठिकाणीं सांगेनच.

आरंभ आपल्या वैद्यकापासून करूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सातवा अध्याय वेगांवर आहे. मल, मूत्र, शिंक, ढेंकर, जांभई, भूक, तहान, अश्रु, झोंप इत्यादि तेरा वेग तेथें सांगितले असून ते अडवूं नयेत असा स्पष्ट आदेश आहे. मलाचा वेग अडवला तर काय होतें, तेंहि चरकानें नोंदलें आहे : पक्वाशयांत शूळ उठतो, डोकें दुखतें, वायु व मल दोन्हीं अडतात, पोटऱ्यांत गोळे येतात आणि पोट फुगतें. उपाय म्हणून शेक, तेलाचा अभ्यंग, गरम पाण्यांत बसणें, गुदवर्ति आणि बस्ति हे सांगितले आहेत. वाग्भटानेंहि अष्टांगहृदयांत ज्या अध्यायांत वेगांचा विचार केला, त्याचें नांवच रोग उत्पन्न होऊं नयेत अशा अर्थाचें ठेविलें. सगळ्यांचा कोठा सारखा नसतो, हेंहि ह्या मंडळींस ठाऊक होतें. मृदु, मध्यम आणि क्रूर असे कोठ्याचे तीन प्रकार त्यांनीं मानले, आणि औषधाची मात्रा त्यावरून ठरविली.

ह्या औषधांत आपल्या कोल्हापूरच्या मुलखाचाहि वाटा आहे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी ह्या बाजूच्या सह्याद्रीच्या रानांत हिरडा होतो. संस्थानच्या काळापासून हा हिरडा रानांतून खालीं येत असे तो मुख्यतः कातडें कमावण्यासाठीं. कोल्हापुरी चपलेच्या कातड्यालाहि तो लागतो. पण त्याच हिरड्याची एक पुडी घरांतील फडताळांत असे. हिरडा, बेहडा व आंवळकाठी मिळून झालेलें त्रिफळाचूर्ण, सोनामुखीचीं पानें, बहाव्याच्या शेंगेंतील गर, काळ्या मनुका आणि एरंडेल, एवढ्या सामग्रीवर आपल्या कित्येक पिढ्यांनीं पोटाचा कारभार चालविला.

आतां लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं चरकानें औषधाच्या आधीं कारण सांगितलें आणि तें माणसाच्या वागणुकींत पाहिलें. पुढें मात्र औषध राहिलें आणि कारण विसरलें गेलें. शोधनाची कल्पना घरांत उरली. वेग अडवूं नये हा उपदेश पोथींत राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत ह्या विषयाला एक भयंकर वळण लागलें. पॅरिस येथील शार्ल बूशार ह्या वैद्यानें १८८७ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं आंतड्यांत सडणाऱ्या मलांतून विषें रक्तांत शिरतात आणि माणूस स्वतःच्याच पोटामुळें विषारी होतो. जंतुशास्त्र तेव्हां नवें होतें. जंतु रोग करतात हें नुकतेंच सिद्ध झालें होतें, आणि मोठ्या आंतड्यांत जंतु असंख्य असतात हेंहि दिसत होतें. तेव्हां हा तर्क विद्वानांसहि पटला. पाश्चर संस्थेंतील मेच्निकॉफ, ज्यांना रोगप्रतिकारशक्तीवरील कामाबद्दल १९०८ सालीं नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला, ते तर मोठें आंतडें हा मनुष्याच्या शरीरांतील एक निरुपयोगी व घातक भाग समजत. त्यावर त्यांनीं आंबट दुधाचा उपाय सुचविला. रोज ताक पिणाऱ्या आपल्या लोकांना त्यांत नवल वाटण्याचें कारण नव्हतें. पण लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील शस्त्रवैद्य सर अर्बथनॉट लेन ह्यांनीं कडेलोट केला. बद्धकोष्ठाच्या रोग्याचें मोठें आंतडेंच ते कापून काढूं लागले. अशा शस्त्रक्रियांत कित्येकांनीं प्राण गमावले. १९१३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्यें ह्या विषावर कित्येक बैठका वादविवाद चालला, तरी त्या विषाचें नांव कोणास निश्चित सांगतां आलें नाहीं.

ह्या भीतीपासून आपला देशहि दूर राहिला नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत असतांना महात्मा गांधींना बद्धकोष्ठाचा व डोकेदुखीचा त्रास होता, आणि ते सारक औषधें घेत, असें त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. पुढें त्यांनीं सकाळची न्याहारी सोडली, पोटावर मातीची पट्टी ठेवण्याचा उपाय केला आणि औषधाच्या बाटल्या दूर केल्या. ह्याच विचारांतून १९४६ सालीं पुणें जिल्ह्यांतील उरळीकांचन येथें निसर्गोपचाराचें केंद्र सुरू झालें. जुलाबाच्या सवयींतून सुटण्याचा त्यांचा मार्ग अनेकांना मोकळें करणारा ठरला. मात्र पोटांत सांचलेल्या विषाची कल्पना निसर्गोपचारानेंहि टाकली नव्हती.

ती कल्पना टाकली गेली मोजमापानें. १८९५ सालीं राँटगेन ह्यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला. पुढल्या थोड्याच वर्षांत अमेरिकेंतील वॉल्टर कॅनन ह्यांनीं मांजराला बिस्मथ मिसळलेलें अन्न घालून त्याच्या पोटाची हालचाल पडद्यावर पाहिली. १८९९ सालीं लंडनमध्यें बेलिस व स्टार्लिंग ह्यांनीं आंतड्याच्या गतीचा नियम दाखविला : आंतील पदार्थाचा दाब पडला कीं त्याच्या मागील भाग आवळतो व पुढील भाग सैल पडतो, आणि अशा रीतीनें तो पदार्थ पुढें सरकतो. आणि योगायोग असा, कीं ज्या गाय्ज रुग्णालयांत लेन आंतडीं कापत होते, तेथीलच आर्थर हर्स्ट हे वैद्य त्याच आंतड्यांचीं क्ष-किरणांनीं चित्रें घेत होते. त्यांचा बद्धकोष्ठावरील ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांना दिसलें तें असें : कांहीं रोग्यांत मोठें आंतडें मंद चालतें हें खरें, पण दुसऱ्या पुष्कळांत मल वेळेवर मलाशयापर्यंत येऊन पोंचलेला असतो आणि तेथेंच अडून राहतो. येथवरचा रस्ता मोकळा आहे. दार तेवढें उघडत नाहीं. ह्याचें एक मोठें कारण म्हणजे आलेल्या वेगाकडे वारंवार केलेलें दुर्लक्ष. चरकानें सांगितलेली गोष्ट अशी क्ष-किरणांच्या पडद्यावर पुन्हां उमटली.

मग विषाचें काय? १९१९ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर अल्व्हारेझ ह्यांनीं एक साधी शंका काढली. पोट साफ होतांच डोकेदुखी व सुस्ती कांहीं मिनिटांत जाते. रक्तांत विष भिनलें असतें तर तें इतक्या लवकर कसें उतरलें असतें? १९२२ सालीं डोनाल्डसन ह्यांनीं त्याची परीक्षा केली. कांहीं निरोगी माणसांनीं सुमारे चार दिवस शौचास जाण्याचें टाळलें. त्यांना डोकेदुखी, जडपणा, मरगळ अशीं सर्व लक्षणें झालीं, आणि एनिमा घेतल्यावर तीं लवकरच नाहींशीं झालीं. नंतर मलाशयांत नुसता कापूस भरून पाहिला, तेव्हांहि तींच लक्षणें झालीं. कापसांत विष कोठलें? त्रास होता तो ताणाचा व दाबाचा. चरकाची डोकेदुखी खरी होती. चुकीचा ठरला तो बूशारचा अर्थ.

१९२४ सालीं अल्व्हारेझ व त्यांचे सहकारी ह्यांनीं निरोगी तरुणांना कांचेचे बारीक रंगीत मणी गिळावयास देऊन ते केव्हां बाहेर पडतात हें मोजलें. एक-दोघांचे बहुतेक मणी चोवीस तासांत बाहेर आले. पुष्कळांचे तीन-चतुर्थांश मणी येण्यास चार दिवस लागले. आणि कांहींचे तर नऊ दिवसांतहि निम्मेच आले. हे सारे धडधाकट होते. म्हणजे निसर्गाचें घड्याळ सर्वांच्या पोटांत एकच वेळ दाखवीत नाहीं. आजचें वैद्यकहि आठवड्यांतून तीनपेक्षां कमी वेळां शौचास होणें, किंवा कुंथावें लागणें, खडा होणें, पुरतें झालें नाहीं असें वाटत राहणें, ह्यांना बद्धकोष्ठ म्हणतें; केवळ एक सकाळ चुकल्यास नाहीं.

ह्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रांतहि एक माणूस हाच प्रश्न क्ष-किरणांपुढें ठेवीत होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढें प्रसिद्धीस आलेले स्वामी कुवलयानंद, हे अमळनेर येथें अध्यापक होते. नर्मदातीरावरील मालसर येथील परमहंस माधवदास ह्यांच्यापाशीं ते योग शिकले. हठयोगांत नौली म्हणून एक क्रिया आहे. तींत श्वास बाहेर सोडून पोट आंत ओढतात आणि पोटाचे मधले स्नायु दांड्यासारखे उभे करून फिरवितात. ती करणारा योगी पाण्यांत बसून गुदद्वारानें पाणी आंत ओढूं शकतो, असें परंपरेनें सांगितलें जाई. कुवलयानंदांनीं ह्यावर विश्वास ठेवा असेंहि म्हटलें नाहीं, कीं हें थोतांड आहे असेंहि म्हटलें नाहीं. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी इस्पितळांत आपल्या विद्यार्थ्यांवर त्यांनीं ह्या क्रियांचे प्रयोग केले. पुढें १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून त्याच वर्षीं "योगमीमांसा" हें नियतकालिक काढलें, आणि त्यांत क्ष-किरणचित्रें व दाबाचीं मोजमापें छापलीं. नौलींत आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खरोखर कमी होतो आणि म्हणून पाणी आंत खेंचलें जातें, असें त्यांना आढळलें. त्या पोकळीला त्यांनीं आपल्या गुरूंचें नांव दिलें.

ह्यावरून नौलीनें प्रत्येकाचें बद्धकोष्ठ बरें होतें असें सिद्ध झालें नाहीं, आणि तसें मानणें त्या संशोधकावर अन्याय करण्यासारखें होईल. पण परंपरेनें सांगितलेली गोष्ट यंत्राखालीं ठेवून पाहण्याची जी वृत्ति त्यांनीं दाखविली, ती मला फार मोलाची वाटते. कुवलयानंद १९६६ सालीं निवर्तले. लोणावळ्याची संस्था आजहि काम करीत आहे.

पुढचा टप्पा आहाराचा. युगांडांत अनेक वर्षें काम केलेले शस्त्रवैद्य डेनिस बर्किट ह्यांनीं सहकाऱ्यांसह १९७२ सालीं "लॅन्सेट" मध्यें एक तुलना प्रसिद्ध केली. युगांडांतील खेडुतांचा रोजचा मल सुमारे ४७० ग्रॅम, आणि अन्नाचा प्रवास दीड दिवसाचा. ब्रिटिश आरमारांतील मंडळींचा मल सुमारे १०४ ग्रॅम, आणि प्रवास जवळजवळ साडेतीन दिवसांचा. फरक कोंड्याचा, म्हणजे धान्य, भाजी व फळें ह्यांतील न पचणाऱ्या तंतूंचा, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. १९७५ सालीं उत्तर भारतीयांच्या मलाचें वजन मोजलें गेलें तेव्हां तें रोज सुमारे ३०० ग्रॅम भरलें. आपल्याकडे अन्नाचा प्रवास इतका जलद, कीं पाश्चात्त्य पद्धतीची तपासणी येथें जशीच्या तशी लागू पडेना. म्हणून लखनौच्या संजय गांधी संस्थेंतील वैद्यांनीं रोग्यास क्ष-किरणांत दिसणाऱ्या खुणा गिळावयास देऊन ३६ व ६० तासांनीं चित्र घेण्याची निराळी रीत बसविली. ज्वारीची भाकरी, कोंड्यासकट पोळी, उसळ व पालेभाजी ह्यांचें महत्त्व असें मोजून सिद्ध झालें. पण आपल्या शहरी ताटांतून भाकरी मागें सरली आणि मैद्याचे पदार्थ पुढें आले, हें कोणी मोजून सांगण्याची गरज नाहीं.

तरी कोंडा हें सर्वांवरचें औषध नव्हे, हेंहि पुढें कळलें. ज्यांचें मोठें आंतडेंच अतिशय मंद असतें, किंवा ज्यांचे कटितळाचे स्नायु कुंथतांना सैल पडण्याऐवजीं आवळले जातात, त्यांना नुसता कोंडा वाढवून गुण येत नाहीं. पोट मात्र फुगतें. ह्या दुसऱ्या प्रकारांत यंत्राच्या साहाय्यानें स्नायूंना पुन्हां योग्य सवय लावतात, आणि तिचा चांगला उपयोग होतो. सवय हा शब्द लक्षांत ठेवावा.

१९९० सालीं जर्मनींतील वैद्यांनीं एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी तरुणांना त्यांनीं एक आठवडा आलेला वेग शक्य तितका दाबावयास सांगितलें. तेवढ्यानें त्यांचें शौचास जाणें कमी झालें, मलाचें वजन घटलें, इतकेंच नव्हे तर मलाशयापासून दूर असलेल्या आंतड्याची गतीहि मंदावली. बद्धकोष्ठ शिकतां येतें काय, असा त्यांचा प्रश्न होता. आणि उत्तर होकारार्थी निघालें. मुलांत तर हें अधिकच दिसतें. एकदां खडा होऊन दुखलें कीं मूल वेग दाबतें, दाबल्यानें खडा अधिक कठीण होतो, आणि तें चक्र वर्षानुवर्षें चालतें.

हा प्रयोग वाचला तेव्हां मला माझी एक विद्यार्थिनी आठवली. मी शिकवीत होतों ती शाळा सकाळीं सात वाजतां भरे. सातवींतील एक मुलगी वारंवार डोकें व पोट दुखतें म्हणून घरीं राही. वर्गांत असली तर तास चालू असतांना बाहेर जाण्याची परवानगी मागे, आणि मी ठरलेलें उत्तर देत असें, "मधल्या सुटींत जा." सुटींत ती जात नसे, कारण मुलींसाठीं असलेल्या एकुलत्या एक शौचकूपाला कडी नव्हती. मीं तिच्या गैरहजेरीपुढें "खोटी सबब" असा शेरा मारला. वर्षाच्या अखेरीस तिची आई मला भेटावयास आली. पेठेंतल्या वाड्यांत बारा बिऱ्हाडांना दोन शौचकूप. पहाटे मोठ्या माणसांची रांग. शाळेंत ही तऱ्हा. पोरीला पांच-पांच दिवस शौचास होत नसे, आणि शेवटीं डॉक्टरांकडे न्यावें लागलें होतें. "सर, पोरगी खोटं बोलत नव्हती हो," एवढेंच ती म्हणाली. रागावली असती तर बरें वाटलें असतें. शाळेला कडी बसवायला चार रुपये लागले असते. चरकानें सांगितलेले तेरा वेग मला तेव्हां ठाऊक नव्हते, ही सबबहि मीं द्यावी तशी नाहीं. मुलीच्या तोंडाकडे पाहिलें असतें तरी पुरें होतें.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत मुलांसाठीं व मुलींसाठीं स्वतंत्र शौचालय असलें पाहिजे असें ठरविलें. तें आहे किंवा नाहीं हें कागदावरून कळतें. त्याला पाणी व कडी आहे काय, आणि शिक्षक जाऊं देतात काय, हें मात्र पालकांनींच विचारावयाचें आहे.

आतां घरच्यापुरतें थोडें सांगून पुरें करतों. वेग येईल तेव्हां जावें. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या खाण्यानंतर, मोठें आंतडें आपोआप जोरानें हलतें. ती वेळ मुलांना मोकळी द्यावी. उकिडवें बसणें हितकर. इस्राएलमधील २८ निरोगी माणसांवरील प्रयोगांत, २००३ सालीं, उकिडवें बसून सरासरी ५१ सेकंद, तर उंच आसनावर १३० सेकंद लागले. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनीं उंच आसन अवश्य वापरावें, पण पायांखालीं ठेंगणा पाट घ्यावा. औषध लागलेंच तर इसबगोल पुष्कळ पाण्याबरोबर घ्यावें. तें पाणी धरून मल मऊ करतें. सोनामुखींतील कार्यकारी द्रव्यें १९४१ सालीं वेगळीं केली गेलीं, आणि एरंडेलांतील आम्ल आंतड्याच्या कोणत्या कळीवर बोट ठेवतें हें २०१२ सालीं उमगलें. म्हणजे आजीचीं औषधें खोटीं नव्हतीं. निरोगी पोरांना तीं विषाच्या भयानें पाजणें तेवढें अनाठायीं होतें. आजहि "शरीरांतील विष काढून टाका" अशा जाहिराती नव्या बाटल्यांवर दिसतात. त्या पाहिल्या कीं बूशारची आठवण करावी.

एक इशारा मात्र गंभीरपणें देतों. उतारवयांत पोटाची सवय एकाएकीं बदलली, मलावाटे रक्त गेलें, वजन उतरूं लागलें, किंवा पोट फुगून उलट्या होऊं लागल्या, तर घरगुती उपाय न करतां डॉक्टरांकडे जावें. थायरॉइडचें मांद्य, मधुमेह, लोहाच्या गोळ्या, अफूपासून केलेलीं वेदनाशामकें, अशीं कारणेंहि तपासावीं लागतात.

श्रोतेहो, ह्या सगळ्या इतिहासांत माणसानें विष शोधलें, आंतडें कापलें, मणी मोजले, आणि अखेर ज्या गोष्टीपासून चरकानें आरंभ केला होता तिच्यापाशीं तो आधार घेऊन परत आला. तुमच्या घरांतील मूल उद्यां सकाळीं रांगेंत उभें असेल, तर त्याला पुढें जाऊं द्या, एवढीच एका जुन्या मास्तराची विनंति आहे.